हिशेब जुळणे आणि हिशेब जुळवून आणणे

बारावीचे व पदवीचे निकाल लागले की गावोगावच्या घरांतून एक प्रश्न हटकून निघतो. मुलाने अगर मुलीने कॉमर्स घेतलेले असते, गुण बरे पडलेले असतात आणि आईबाप म्हणतात, “तालुक्याच्या गावी संगणकावर जमाखर्च शिकविण्याचा तीन महिन्यांचा वर्ग आहे. तो लावावा काय? प्रमाणपत्र मिळते म्हणतात.” शेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नातून किंवा परगावी नोकरीस असलेल्या भावाने पाठविलेल्या पैशांतून मग त्या वर्गाची फी भरली जाते. मुलांना हाताला काम देणारी विद्या मिळावी ही धडपड स्तुत्यच होय. परंतु विचारलेला प्रश्न अर्धाच असतो. प्रमाणपत्र मिळेल काय, एवढे विचारले जाते. ते घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला कोणते काम कोणाच्या मदतीवाचून करता येईल, हे मात्र क्वचितच विचारले जाते. प्रिय वाचकहो, आज या उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे.

हिशेबनीस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शहरातील मोठी कचेरी येते. पण गावातही त्याच्यावाचून काही चालत नाही. दूध संस्था, शेतकी पतसंस्था, बियाणे-खतांचे दुकान, भगिनींचा बचतगट, या सर्वांचा पैसा कोणाच्या तरी लेखणीखालून जातो. त्या लेखणीला कळत नसेल, तर नुकसान आपल्याच घरात येते, आणि बहुधा ते दोन-चार वर्षांनी, तपासणीच्या वेळी उघडकीस येते.

एक साधे उदाहरण घेऊ. एका संस्थेच्या वहीत बँकेतील शिल्लक ४६,८०० रुपये आहे. पासबुक भरून आणले तर त्यात ४२,३०० रुपये दिसतात. फरक पडला ४,५०० रुपयांचा. जाणता हिशेबनीस घाबरत नाही. तो दोन्ही नोंदी ओळीने ताडून पाहतो. त्याला आढळते की बँकेत भरलेला ७,००० रुपयांचा एक चेक अद्याप वटून जमा झालेला नाही. संस्थेने दिलेला २,६१८ रुपयांचा चेक घेणाऱ्याने अजून बँकेत टाकलेला नाही. शिवाय बँकेने ११८ रुपये आपला आकार म्हणून कापून घेतले आहेत. ४६,८०० तून ७,००० वजा केले, २,६१८ मिळविले आणि ११८ वजा केले की बरोबर ४२,३०० उरतात. यांपैकी वहीत नव्याने लिहावयाचे आहेत ते फक्त ११८ रुपये. बाकीच्या दोन रकमा चार दिवसांत आपोआप जागेवर येतील. हे सर्व तो एका कागदावर मांडून ठेवतो. यालाच बँक जुळवणी पत्रक म्हणतात.

आता अर्धवट शिकलेल्या मुलाचे पाहा. फरक ४,५०० चा आहे आणि सेक्रेटरी रागावतील, एवढेच त्याला कळते. तो ‘किरकोळ खर्च ४,५००’ अशी एक नोंद टाकतो. संगणकही ती निमूटपणे घेतो. हिशेब जुळला! पण आठवड्याने दोन्ही चेक वटतात. पासबुकात ४६,६८२ रुपये होतात आणि वहीत मात्र ४२,३०० च असतात. आता फरक ४,३८२ चा. मग ‘किरकोळ जमा’ अशी दुसरी खोटी नोंद होते. त्या मुलाने एक पैसाही खाल्लेला नसतो. परंतु वर्षअखेर त्याची वही अशा नोंदींनी भरून जाते आणि तिच्यातील खरे कोणते, खोटे कोणते, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. अशा वहीच्या आडोशाला दुसऱ्या कोणी खरोखरच पैसा काढला, तर तो कोणाला दिसणार? आणि सही असते ती या पोराची.

हिशेब जुळणे निराळे आणि हिशेब जुळवून आणणे निराळे. या दोहोंतील अंतर ओळखणे हाच हिशेबनिसाच्या शिक्षणाचा गाभा होय. संगणकाच्या कोणत्या कळीने कोणता तक्ता उघडतो हे शिकावयास फार दिवस लागत नाहीत. तक्त्यातील आकडा खरा की खोटा, हे ओळखण्यास मात्र शिक्षण आणि सराव दोन्ही लागतात.

आपल्या सीमाभागातील व्यापाऱ्यांना आणखी एक उदाहरण चांगले पटेल. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, सुरू झाला. निपाणीच्या दुकानदाराने १०,००० रुपयांचा माल हुबळीला पाठविला आणि त्यावर १८ टक्के कर असला, तर ९०० रुपये केंद्राच्या व ९०० रुपये राज्याच्या नावे दाखवावे लागतात. तोच माल जवळच्या कोल्हापूरला पोहोचविला की राज्य बदलले. आता १,८०० रुपये एकात्मिक कर म्हणून दाखवावयाचे. एकूण रक्कम तीच, म्हणून नवख्याला वाटते की काही बिघडले नाही. वास्तविक चुकीच्या सदरात भरलेला कर योग्य सदरात पुन्हा भरावा लागतो आणि आधीचा परत मिळावा म्हणून अर्ज करीत बसावे लागते. संगणक हे चुकवणार नाही काय? ग्राहकाच्या खात्यात राज्याचे नाव चुकीचे घातले असेल, तर संगणक चूकही मोठ्या टापटिपीने करून देतो.

ही विद्या काही आजची नव्हे. इ. स. १४९४ मध्ये व्हेनिस शहरात लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाचा गणितावरील एक मोठा ग्रंथ छापला गेला. त्यातील एका भागात त्याने तेथील व्यापाऱ्यांची जमा-नावेची दुहेरी पद्धत समजावून सांगितली. पद्धत त्याने शोधून काढली नव्हती. ती व्यापाऱ्यांत आधीपासून चालत होती. त्याने ती शिकविता येईल अशा रीतीने लिहिली, हे त्याचे उपकार. कच्ची टिपण वही, रोजकीर्द व खातेवही अशा तीन वह्या त्याने सांगितल्या आहेत, आणि आपल्याकडील पेढ्यांतही याच जातीच्या वह्या असत. त्या पेढ्यांतून आणि कचेऱ्यांतून पूर्वी मुलगा ‘उमेदवारी’ करीत असे. वर्षानुवर्षे तो जुन्या कारकुनाच्या शेजारी बसे, आधी नकला करी, मग बेरजा तपाशी आणि शेवटी त्याच्या हाती वही येई. त्या रीतीत जाच पुष्कळ होता व पगार बहुधा नसे. पण एक गोष्ट चांगली होती. मुलाला काय येते हे त्याच्या कामावरून ठरे.

आधुनिक काळात हीच गोष्ट परीक्षेच्या रूपाने परत आणण्याचा प्रयत्न झालेला आहे. इंग्लंडमध्ये १९८० साली हिशेब-सहायकांची एक संस्था स्थापन झाली. त्या देशात १९८६ पासून व्यावसायिक पात्रतेची जी पद्धत आली, तिच्यात उमेदवाराने प्रत्यक्ष केलेल्या कामाचे पुरावे तपासून त्याची पारख करण्यावर भर होता. आपल्या देशातही २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला. एखाद्या कामासाठी माणसास काय काय करता आले पाहिजे, याची मानके लिहून काढावयाची आणि त्यांच्याशी ताडून उमेदवाराची परीक्षा घ्यावयाची, हे त्याचे तत्त्व होय. या व्यवस्थेवर देखरेख करण्यासाठी २०१८ साली राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापन करण्यात आली. प्रमाणपत्र देणाऱ्या व परीक्षा घेणाऱ्या संस्थांना ती मान्यता देते. शिकविणाऱ्यानेच पारख करू नये, हा यातील विचार फार मोलाचा आहे. ज्याने फी घेतली त्यालाच ‘मुलगा तयार झाला’ असे म्हणावयास सांगितले, तर तो दुसरे काय म्हणणार?

या आराखड्याचा एक भाग आपल्या गावांतील प्रौढ मंडळींनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. वीस वर्षे संस्थेची वही चोख सांभाळलेली, पण हातात कागद नसलेली माणसे आपल्यात आहेत. पूर्वी मिळविलेल्या ज्ञानाची दखल घेऊन, थोड्या उजळणीनंतर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद या व्यवस्थेत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतही तिचा समावेश होता. अशा माणसांना आज नव्या विद्येची निकड आहे. कारण जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे व्यवहार संगणकावर आणण्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. यंत्र गावात आले की जुन्या सेक्रेटरीला बाजूस सारून कळा दाबणारा पोरगा बसविण्याचा मोह पंचांना होतो. त्यांनी तसे करू नये. जुन्याला हिशेब कळतो आणि नव्याला यंत्र कळते. दोघांना सहा महिने शेजारी बसवावे, म्हणजे दोघेही शिकतील.

आता आईबापांनी वर्ग निवडताना काय विचारावे? पहिले हे की, मुलाला खऱ्या कागदांवर काम करावयास मिळते काय? पावत्या, बिले, चेकची पुस्तके, पासबुके यांचा गठ्ठा हाती देऊन एका महिन्याचा हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत करवून घेतला जात असेल, तर तो वर्ग चांगला. दुसरे, परीक्षा कोण घेते आणि प्रमाणपत्र कोणाच्या मान्यतेचे आहे? तिसरे, शिक्षणानंतर एखाद्या दुकानात, संस्थेत किंवा हिशेबतपासनिसाच्या कचेरीत शिकाऊ उमेदवारीची सोय आहे काय? यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, आणि २०१४ च्या दुरुस्तीने त्याचे क्षेत्र कारखान्यांतील जुन्या धंद्यांपलीकडे वाढविले आहे. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी कॉस्ट अकाउंटंट्सच्या राष्ट्रीय संस्थेचा बारावीनंतरचा हिशेब-सहायकांचा अभ्यासक्रम आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात सहकार खात्याची सहकार व लेखा पदविकेची परीक्षा दरवर्षी होते.

संस्थांच्या पंचांनाही दोन शब्द. नोकरीस आलेल्या मुलाचे प्रमाणपत्र अवश्य पाहावे, पण तेवढ्यावर थांबू नये. त्याला तासभर बसवून तीन कामे द्यावीत. एक, वर सांगितल्यासारखी बँकेची जुळवणी करावयास सांगावे. दोन, बेरजेत ९० रुपयांचा फरक असलेली तेरीज पुढे ठेवावी. फरकाला नऊने पुरता भाग जातो, तेव्हा कोठे तरी ५४० च्या जागी ४५० असे अंक उलटसुलट पडले असावेत, हे त्याला सुचते काय ते पाहावे. तीन, बरोबर जुळलेली तेरीज द्यावी, परंतु तिच्यात छपराच्या डागडुजीचे १८,००० रुपये खर्चात न घालता इमारतीच्या खात्यात घातलेले असावेत. अशी तेरीज रुपया-पैशासह जुळते, पण नफा वाजवीपेक्षा जास्त दिसतो आणि त्या खोट्या नफ्यावर सभासदांना लाभांश वाटला जातो. जुळलेल्या तेरजेवरही जो मुलगा शंका घेतो, तो आपल्या कामाचा. आणि एखादे काम जमले नाही म्हणून त्याने, “हे मला येत नाही, शिकवाल काय?” असे सरळ विचारले, तर तोही कामाचा. खोटी नोंद टाकून कागद परत देणाऱ्याला मात्र वही देऊ नये.

पण मुलाची परीक्षा घेणाऱ्या पंचांनी आपलीही जबाबदारी ओळखावी. पुष्कळ संस्था अगदी थोड्या पगारावर अननुभवी मुलाला ठेवतात, वही, तिजोरीची किल्ली आणि पावतीपुस्तक तिन्ही त्याच्याच स्वाधीन करतात, वर्षभर कोणी ढुंकून पाहत नाही, आणि तपासणीत तूट निघाली की सारा दोष त्याच्या माथी मारतात. हा न्याय नव्हे. लिहिणारा आणि पैसे सांभाळणारा हे दोघे निराळे असावेत. रोजची रोख शिल्लक वहीशी ताडून पाहिली जावी. बँकेची जुळवणी दर महिन्यास पंचांपैकी एकाने वाचून सही करावी. हिशेबनिसाला वर्षातून काही दिवस रजा द्यावी आणि त्या काळात वही दुसऱ्याने लिहावी. असे केल्याने त्याच्यावर अविश्वास दाखविल्यासारखे होत नाही. उलट तोच खोट्या आळापासून वाचतो.

तेव्हा यंदा जो मुलगा अगर जी मुलगी वर्गाला जाणार असेल, तिला प्रमाणपत्र आणावयास जरूर सांगा. पण ती घरी आली की आपल्याच बचतगटाची वही आणि पासबुक तिच्यापुढे ठेवा व विचारा, “बाई, या दोन शिल्लकांत फरक का आहे, ते आम्हाला समजेल असे सांग.” तिने एकेक कारण बोट ठेवून दाखविले, तर फी सत्कारणी लागली असे समजा. तिला अजून सांगता आले नाही, तर रागावू नका. तिला कोणा जाणत्याच्या शेजारी आणखी काही दिवस बसू द्या, आणि तोवर तिची सही कोठेही घेऊ नका.