लाखेच्या तबकडीतला वारसा

दादर-गिरगावातील जुने बिऱ्हाड मोडून वाशी, नेरूळ वा खारघरच्या सदनिकेत जाताना मध्यमवर्गीय कुटुंबात एक प्रश्न हमखास निघतो : आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनचे आणि पेटीभर तबकड्यांचे काय करायचे? उत्तरही बहुधा ठरलेले असते, भंगारवाला!

या मनोवृत्तीला छेद देणारी मंडळी १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या नावाने एकत्र आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले डॉ. सुरेश चांदवणकर हे तिचे एक अध्वर्यू. संग्राहकांचे असे मेळावे बाहेरून पाहणाऱ्यास श्रीमंतांचा छंद वाटतील. प्रत्यक्षात तेथे लेबल आणि क्रमांक यांच्या आधारे इतिहासाचे दुवे जुळविले जातात.

हा इतिहास बोधप्रद आहे. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. तबकड्या मात्र जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तबकडीसाठी लागणारी लाख प्रामुख्याने भारतातली, गळाही भारताचा आणि कारखाना परक्यांचा! कोलकात्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांच्या गायकीची कल्पना शिष्यांच्या गाण्यावरूनच करावी लागते. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांनी 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावे म्हणून घटना समितीपर्यंत पाठपुरावा केला. त्यांच्या स्वरातील ते गीत आज ऐकता येते, कारण त्याची तबकडी झाली आणि कोणीतरी ती जपली. जे मुद्रितच झाले नाही, त्याला इलाज नाही. जे झाले, ते आपल्याच हातांनी नष्ट करणे हा मात्र अक्षम्य करंटेपणा ठरेल.

प्रकाशित पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला देण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने घातले. ध्वनिमुद्रिका त्या कायद्याच्या कक्षेत नाहीत. शासनाने ही उणीव दूर करावयास हवी. तथापि सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. घर बदलताना पेटीतील लेबले एकदा वाचावीत, जाणकार संग्राहकाला दाखवावीत. नवी मुंबईतील मंडळांनी आणि वाचनालयांनी वर्षातून एखादी सायंकाळ श्रवणासाठी राखावी, मुलांना आवर्जून बोलवावे. शहर नवे असले, तरी त्यात राहणारा समाज पुरातन आहे, याचे भान त्यातूनच टिकेल.