हेडसेट घेताना आधी माइक पाहा

आमच्या औंढा नागनाथसारख्या गावात कापडाची निम्मी खरेदी आता घरी बसून फोनवरच होते. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून गुरुवारी रात्री आमचे फोन सुरू होतात. अशाच एका रात्री आम्ही 'सात ठाण' सांगितले, पलीकडे 'साठ' ऐकू गेले. साठ आले! परतीचे भाडे आम्हीच भरले. पलीकडच्याचा दोष नव्हता. आमच्या कानातल्या बिनतारी हेडसेटचा होता.

दुकानदार गाणे वाजवून दाखवतो. ते छानच वाजते. पण माइक सुरू होताच ब्लूटूथची पद्धत बदलते आणि साध्या हेडसेटमध्ये आवाज जुन्या टेलिफोनसारखा, ३०० ते ३४०० हर्ट्झच्या आसपास चेपला जातो. व्यंजनांची धार तिथेच बोथट होते. 'वाइडबँड' हेडसेट सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत आवाज नेतो, मात्र फोनही तसा हवा.

डब्यावरच्या 'एएनसी'ला भुलू नये. तिने गलबला कमी होतो तो आपल्या कानापुरता. श्रावणी सोमवारी रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न पलीकडच्याला ऐकू जातातच. माइकसाठी 'ईएनसी' वेगळी असते. आम्ही तर तोंडाजवळ दांडीचा माइक असलेलाच घेतला. घरची मुले टेलिफोन ऑपरेटर म्हणून हसतात. हसू द्या.

व्यापारी बंधूंनी पैसे देण्याआधी दुकानातूनच घरी फोन लावावा, सात, साठ, आठ असे आकडे बोलावेत आणि घरच्यांना लिहून घ्यायला सांगावे. कागद जुळला तरच खिशात हात घालावा.