आवाज कुणाचा?

आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवशी ठाण्याच्या गडकरी रंगायतनात जो गेला आहे, त्याला ‘अरे आवाज कुणाचा’ ही आरोळी नवी नाही. पडदा वर जाईपर्यंत तिला उत्तर म्हणून महाविद्यालयांची नावे घुमत राहतात. आज आम्ही ही आरोळी शब्दशः प्रश्न म्हणून घेत आहोत, आणि तो शाळेच्या रंगमंचाला व तो रंगमंच घरोघरी दाखवणाऱ्या दूरचित्रवाणीला विचारत आहोत.

शाळकरी मुलांचे गाते नाटक छोट्या पडद्यावर कितपत खरे दिसते, हा विषय निघाला की आपली शिक्षक मंडळी लगेच झगमगाटावर घसरतात. इतके दिवे कुठल्या शाळेला परवडतात, इतके कपडे कोण शिवते, वगैरे. ही तक्रार शिळी आहे आणि चुकीचीही आहे. डिसेंबर-जानेवारीत डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात किंवा कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात एखादे स्नेहसंमेलन बघून यावे. दिवे आहेत, धूर आहे, भाड्याचे भरजरी कपडे आहेत आणि बाहेरून बोलावलेला नृत्यदिग्दर्शकही आहे. झगमगाटाच्या बाबतीत पडदा फारसा खोटे बोलत नाही. तो खोटे बोलतो आवाजाच्या बाबतीत, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

या प्रकारातली जगभर गाजलेली उदाहरणे अमेरिकन आहेत. 2006 साली डिस्ने चॅनलवर आलेल्या ‘हायस्कूल म्युझिकल’मध्ये शाळेच्या संगीत नाटकासाठी निवडचाचणी होते, रुसवेफुगवे होतात, आणि ज्या नाटकासाठी हा सारा खटाटोप चालतो ते नाटक त्या चित्रपटात उभे राहिलेले दिसतच नाही. नायकाच्या गाण्यांतला बराचसा आवाज पडद्यावर दिसणाऱ्या झॅक एफ्रॉनचा नाही, ड्रू सीली या दुसऱ्याच गायकाचा आहे. 2009 ते 2015 या काळात चाललेल्या ‘ग्ली’त मुले वर्गात गाऊ लागली की साथीचा वाद्यवृंद हजर होतो आणि पहिल्याच प्रयत्नात गाणे निर्दोष उतरते. त्यात शाळकरी मुलाची प्रमुख भूमिका करणारा नट मालिका सुरू झाली तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. वयाचे हे प्रकरण वाटते तितके किरकोळ नाही.

कारण शाळेत गाते नाटक बसवणाऱ्याची पहिली अडचण वय हीच असते. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. जुलैत ज्याला नायक म्हणून निवडले, तो दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येतो तेव्हा त्याचा आवाज निम्मा वरच्या आणि निम्मा खालच्या सप्तकात अडकलेला असतो. मग पेटीवर बसलेल्या बाई पट्टी उतरवतात. ती नायकाला सोसते, पण त्याच्यासमोर गाणाऱ्या मुलीला खर्जात ढकलते. पुन्हा पट्टी चढवायची, एखादे कडवे काढून तिथे संवाद घालायचा, नाहीतर गाणे कोरसला वाटून द्यायचे. दहावीची मुले अभ्यासामुळे सहसा मिळत नाहीत, म्हणजे ज्यांचे आवाज एव्हाना स्थिरावू लागले असतील तीच हाताशी नसतात. तालमींना मिळतात ते चित्रकलेचे आणि पीटीचे तास. ही सारी ओढाताण म्हणजेच शाळेतले संगीत नाटक. यातला एक दृश्यभर तरी भाग आम्हांला पडद्यावर दाखवा! तिथे कुणाचा आवाज फुटत नाही, कुणाला दम लागत नाही, आणि गाण्याआधी श्वासही घ्यावा लागत नाही.

मराठी वाहिन्यांवर गोष्ट जराशी वेगळी आहे, आणि आमच्या मते अधिक खेदाची आहे. 2008-09 च्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’मध्ये मुले खरोखर गात होती, वादकांच्या साथीने, स्वतःच्या गळ्याने. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत यांच्या गाण्याने घरेच्या घरे खिळवून ठेवली होती. त्यांना कमी लेखण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. नाट्यपदेही त्या मंचावर गायली गेली. पण ज्या पात्राचे ते पद होते त्या पात्रावाचून, ज्याला उद्देशून ते म्हणायचे तो समोर नसताना. मुलांचे गाणे असे स्पर्धेच्या वाट्याला गेले आणि मुलांचा अभिनय मालिकेच्या. मालिकेतल्या शाळेत गॅदरिंग येते ते बहुधा कथानकाच्या सोयीसाठी: त्या रात्री कुणाचे तरी गुपित फुटायचे असते. मागे कोरसमध्ये उभ्या असलेल्या मुलांची नावेही आपल्याला कळत नाहीत. एकच मूल गाते आहे, भूमिका करते आहे आणि शेजारच्याचा सूर ऐकून आपला सूर सावरते आहे, अशी कला दाखवायला कुठलीही वाहिनी जागा ठेवत नाही.

आणि हे कुठे घडावे? जिथे 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले त्या भाषेत. आपल्या नाटक मंडळ्या या एका अर्थाने पोरवयातल्या नटांच्या शाळाच होत्या. 1918 साली बलवंत संगीत मंडळी उभी राहिली तेव्हा दीनानाथ मंगेशकरांना अठरावे वर्ष चालू होते. त्या मंडळ्यांतले पोरांचे हाल आम्ही विसरलेलो नाही, आणि ते दिवस परत यावेत असे म्हणणारा माणूस आम्हांला वेडा वाटेल. पण तिथे पोर गाई ते त्याचे स्वतःचे असे. चुकले तर तेच चुके.

कुणी म्हणेल, उसना आवाज ही आपल्या पडद्याची रीतच आहे. ‘बालगंधर्व’ या 2011 च्या चित्रपटात सुबोध भावे दिसतात आणि आनंद भाटे ऐकू येतात, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. मान्य. चित्रपट हे जोडकाम आहे, आणि ते पाहणाऱ्याला ठाऊक असते. आमचा आक्षेप त्यापुढच्या पायरीला आहे. पडद्याची ही सोय शाळेच्या रंगमंचाने आदर्श म्हणून उचलली. आज अनेक शाळांच्या संमेलनांत गाणीच काय, नाटुकल्यांचे संवादही आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात. मुले नुसते ओठ हलवतात. पालक मोबाईल उंच धरून ते टिपतात. मागच्या रांगेत नीट ऐकू जावे म्हणून असे करतो, हे त्याचे दिले जाणारे कारण. मुलांना मागच्या रांगेपर्यंत पोचायला शिकवणे हेच नाट्यशिक्षण होते, हे आता कुणाला सांगायचे?

2006 च्या डिसेंबरात डोंबिवलीतल्या एका शाळेच्या संमेलनाला आम्ही गेलो होतो. सातवी-आठवीच्या मुलांची संगीतिका चालू होती आणि मध्येच सीडी अडकली. राणीच्या वेषातली मुलगी क्षणभर थांबली आणि मग स्वतःच गाऊ लागली. बारीक आवाज, पट्टी भलतीच, ताल सुटलेला. प्रेक्षागृहात हसू फुटले आणि लगेच विरले, कारण इतका वेळ जी बाहुली वाटत होती ती एकाएकी नाटकातली राणी झाली होती. शेजारच्या दासीने तिच्या सुरात सूर मिळवला. तेवढ्यात विंगेतून कुणीतरी सीडी चालू केली. अंतऱ्याच्या मध्यावर मूळ गायिकेचा घोटीव आवाज आला, आणि मुलीने तोंड मिटले. पुढचे गाणे ओठ हलवून पार पडले. बक्षीस समारंभात ‘तांत्रिक बिघाडाबद्दल’ दिलगिरी व्यक्त करण्यात आली.

दुसरी वाट याच शहरांत आहे. रत्नाकर मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. झोपडवस्त्यांतल्या मुलांनी आपल्या भोवतालचे विषय घेऊन नाटिका रचाव्यात आणि त्या स्वतःच सादर कराव्यात, असा तो उपक्रम. ज्या माणसाने ‘अलबत्या गलबत्या’ लिहिले, त्याने या मुलांच्या हाती आपली संहिता ठेवली नाही. त्यांच्याकडची गोष्ट मागितली. 2020 साली मतकरी गेले. तो रंगमंच काही संगीत नाटकाचा नव्हे. पण मुलाच्या तोंडी मुलाचाच आवाज राहू द्यायचा, एवढी अट त्याने पाळली, आणि तिला पैसा लागला नाही.

आमचे वाचक बहुतांशी साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक आहेत. शाळेच्या संमेलनात संहिता निवडण्याचे काम मराठीच्या शिक्षकांकडेच येते, म्हणून हे त्यांच्यापाशी बोलत आहोत. वाहिन्यांनी काय दाखवावे हे आपल्या हाती नाही. यंदाच्या संमेलनात एक प्रवेश, फार तर दहा मिनिटांचा, मुद्रित आवाजाशिवाय बसवणे मात्र आहे. पेटी बहुतेक शाळांत असते. प्रार्थनेनंतर ती कपाटात जाते. नायकाचा आवाज ऑक्टोबरात फुटला, तर पट्टी उतरवावी.