हिरवे वेष्टन, काळा धूर

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आपण बाहेर येतो, तेव्हा आवारात फटाक्यांचा धूर दाटू लागलेला असतो. एखाद्या वृद्धाला खोकल्याची उबळ येते आणि शेजारचा चटकन धीर देतो, "काळजी नको, हे हरित फटाके आहेत. यांनी प्रदूषण होत नाही." खोक्यावर वाचलेले वाक्य तो प्रामाणिकपणे उच्चारतो. वाक्य मात्र खोटे आहे.

आपणा नागपूरकरांना हे खोटे अधिक बोचावे, कारण हरित फटाक्यांचे माहेर आपलेच शहर. येथे मुख्यालय असलेल्या 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ही मिश्रणे सिद्ध झाली. शास्त्रज्ञांचा दावा मोजून-मापून केलेला होता : जुन्या फटाक्यांच्या तुलनेत हवेत जाणारे कण किमान 30 टक्के कमी. बाजारात पोहोचेपर्यंत या 'कमी'चे 'मुक्त' झाले.

"शब्दांचा एवढा कीस कशाला? थोडा धूर कमी झाला, हे काय वाईट?" असे कोणी म्हणेल. त्यांनी साधा हिशेब मांडून पाहावा. दहा जुन्या फटाक्यांचा धूर 1000 मानला, तर 30 टक्के घट धरून एका हरित फटाक्याचा 70 होतो. वेष्टनावर विसंबून कोणी निर्धास्तपणे दहाऐवजी पंधरा उडविले, की आकडा 1050 वर जातो. खोट्या शब्दाने खऱ्या संशोधनाचे फळ असे धुरात मिळते.

त्यातही खोक्यात असते काय, हा प्रश्न निराळाच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच मुभा दिली आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली. 2021 साली त्याच न्यायालयाला, हरित फटाक्यांच्या नावाखाली खोटी लेबले लावून निषिद्ध माल विकला जात असल्याची गंभीर दखल घ्यावी लागली.

कायदा या बाबतीत मुका नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार वेष्टन आणि लेबल हीदेखील जाहिरातच होय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते. ऑक्टोबर 2024 मध्ये प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दाव्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. 'हरित', 'पर्यावरणस्नेही', 'नैसर्गिक' असे मोघम शब्द पुराव्याविना वापरता येणार नाहीत. तुलना केली असेल, तर ती कशाशी हे सांगावे लागेल. पुरावा देण्याचे ओझे जाहिरातदारावर आहे, खोकणाऱ्या वृद्धावर नव्हे.

मग अडते कुठे? आपल्या मौनापाशी. प्राधिकरण स्वतःहून चौकशी करू शकते. पण देशभरातला प्रत्येक खोका त्याच्या दृष्टीस पडणार कसा? तक्रारीसाठी दिल्ली गाठण्याचीही आवश्यकता नाही. कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करण्याची सोय ठेवली आहे. ती आपल्यापैकी कितींनी वापरली? आपणांस तो हिरवा शिक्का हवाच असतो, कारण तो मौजेबरोबर निर्मळ मनही विकत देतो. फसविणाऱ्याइतकाच फसून घेण्यास उत्सुक असलेला ग्राहकही या व्यवहारात भागीदार आहे.

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण बालपणीच पाठ केली. साक्ष केवळ न्यायालयातच दिली जाते असे नाही. ती पुठ्ठ्याच्या खोक्यावरही छापता येते, आणि तो खोका मुलांच्या हाती देताना आपण तिला दुजोरा देत असतो.

म्हणून येत्या सणाची खरेदी करताना, घरासाठी असो वा धर्मग्रामासाठी, दुकानदाराला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कशाच्या तुलनेत कमी? किती कमी? कोणी तपासले? उत्तर न मिळाल्यास खोका परत ठेवावा, लेबलाचे छायाचित्र घ्यावे आणि तक्रार लिहावी. नागपूरच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या खऱ्या शब्दाची राखण नागपूरकरांनी नाही करायची, तर कोणी?