आधी एसएमपीएस बघा

चिरनेरमध्ये लग्नसराई म्हणजे हळदीचे व्हिडिओ. आमच्या आळीतला एक पोरगा ते एडिट करतो. 25 सप्टेंबरला जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांना मानवंदना असते, तिचं शूटिंगही तोच करतो. मशीन एका ऑफिसातून निघालेलं, अरुंद कॅबिनेटचं. टाइमलाइन अडखळायला लागली म्हणून त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं. बटण दाबलं तर पंखा फिरला, एक लांब आणि दोन आखूड बीप वाजले, स्क्रीन काळी ती काळीच. दुकानदार फोनवर म्हणाला, "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या."

या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. चांगलं चालणारं मशीन एवढ्यावरून भंगारात का घालायचं? पीसीआय एक्सप्रेस 2004च्या सुमारास बाजारात आलं, आणि तेव्हापासून स्लॉटचा आकार तोच आहे. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये कमी वेगाने चालतं, पण सहसा चालतं.

अडतं ते बहुतेकदा विजेपाशी. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्यापुढे सहा पिनांची किंवा आठ पिनांची वायर थेट एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, द्यावी लागते. आम्ही कॅबिनेट उघडलं, तर कार्डाच्या टोकाला सहा पिनांचं सॉकेट रिकामं. एसएमपीएसवरचं स्टिकर वाचलं: 240 वॅट. त्यातून तशी वायर निघतच नव्हती. हार्डडिस्कच्या वायरीला जोड मारून काम भागवणारे आहेत. घरात तसं करू नये. स्वस्तातले जोड तापतात, वितळतात.

वीज पुरेशी असूनही डिस्प्ले येत नसेल तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला जोडावा, बायॉस अपडेट करावा आणि मगच कार्डाला दोष द्यावा. जुने बायॉस नव्या कार्डांना कधी कधी ओळखतच नाहीत. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर चढतो, तो साध्या खोडरबराने निघतो.

बदली म्हणून दुकानदार जीटी 1030 देत होता. 30 वॅटचं, अरुंद कॅबिनेटमध्ये बसणारं, दिसायला अगदी चपखल. पण त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. गेम खेळणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. तासाभराची हळद एक्सपोर्ट करणाऱ्याचं मात्र सगळं त्यावरच असतं. जीटीएक्स 1650 मध्ये एन्कोडर आहे, आणि त्याची 75 वॅटची, जादा वायर न लागणारी, बुटक्या पट्टीची आवृत्तीही मिळते. शोधायला वेळ लागतो इतकंच. हा फरक दुकानाने सांगायला हवा. चिरनेरहून लॅमिंग्टन रोड गाठून परत यायचं म्हणजे पोराचा अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवसाची कमाईही बुडते.

म्हणून या खेपेला निघण्याआधी त्याला चार फोटो काढायला लावले: एसएमपीएसचं स्टिकर, मदरबोर्डवरचा मॉडेल नंबर, स्लॉटशेजारची मोकळी जागा पट्टी धरून, आणि मॉनिटरची मागची बाजू. मॉनिटर निघाला फक्त व्हीजीएचा. 1650 ला ते आउटपुट नाही, त्यामुळे एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टरही यादीत चढला.