पडदा विझला, निदान कोणाच्या हाती?

मोबाइल हातातून पडलेला नसतो, पाण्यात भिजलेला नसतो. तरीही एखाद्या सकाळी पडद्यावर वरपासून खालपर्यंत बारीक हिरवी रेषा उमटलेली दिसते. किंवा दाबावा एक अंक आणि उमटावा भलताच, अशी गत होते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ही निव्वळ गैरसोय ठरली असती. आज त्याच पडद्यावर बँकेचा ओटीपी येतो, भाजीवाल्याचे पैसे चुकते होतात, लोकलचे तिकीट निघते आणि डॉक्टरांची वेळही ठरते. आतील यंत्र धडधाकट असूनही केवळ पडदा गेला की शहरी माणसाचा अर्धाअधिक व्यवहार ठप्प होतो. मग सुरू होते ती सेवा केंद्राची वारी. आणि तेथे मिळणारे उत्तर बहुधा एकाच वाक्याचे असते : ‘डिस्प्ले बदलावा लागेल.’

हे उत्तर पुष्कळदा खरे असते, पण नेहमीच नाही. प्रश्न असा आहे, की ते खरे की खोटे हे ग्राहकाने ठरवायचे कसे? गेल्या काही वर्षांत भारतासह अनेक देशांत ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर धोरणे आखली जात आहेत. त्या चर्चेत सुटे भाग आणि त्यांच्या किमती यांचा उल्लेख वारंवार होतो. मात्र दुरुस्तीच्या आधीची पायरी निदानाची असते आणि नेमकी तीच ग्राहकाच्या हातून निसटलेली आहे.

काच एक, थर अनेक

ज्याला आपण सरसकट ‘स्क्रीन’ म्हणतो, तो प्रत्यक्षात अनेक थरांचा जुडगा असतो. सर्वांत वर संरक्षक काच. तिच्याखाली किंवा थेट डिस्प्लेच्या पॅनेलमध्येच बसवलेली स्पर्श ओळखणारी जाळी. त्याखाली चित्र उमटवणारे एलसीडी अथवा ओएलईडी पॅनेल. या सर्वांना मुख्य सर्किटशी जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी वेगळीच. बिघाड यांपैकी कोठेही असू शकतो आणि प्रत्येकाची लक्षणे निरनिराळी असतात.

स्पर्शाची जाळी विजेच्या सूक्ष्म भारावर चालते. माणसाचे बोट विजेचे वाहक असल्याने ते काचेजवळ येताच त्या जागेचा विद्युतभार किंचित बदलतो आणि तो बदल टिपून मोबाइल बोटाची जागा ठरवतो. घामेजलेला हात, पावसाचे थेंब, जाड किंवा सैल बसलेला स्क्रीन गार्ड यांनी हे गणित चुकते ते याचमुळे. हलक्या प्रतीचा चार्जर लावल्यावर पडदा आपोआप ‘नाचू’ लागतो, त्यामागेही हेच कारण असते : चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट मोबाइलला बोटाचा स्पर्श भासतो. चार्जर काढताच नाच थांबला, तर दोष पडद्याचा नसून चार्जरचा आहे, हे उघड होते. त्यासाठी डिस्प्ले बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे होय.

घरच्या घरी निदान

अशा काही चाचण्या कोणालाही करता येतात आणि त्यांना एक पैसाही लागत नाही. पडद्यावर रेषा किंवा डाग दिसत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या मोबाइलवर पाहावा. तेथे रेषा दिसली नाही, तर मोबाइल चित्र योग्य तयार करतो आहे. ते दाखविणारे पॅनेल किंवा त्याची जोडणी बिघडली आहे. रेषा स्क्रीनशॉटमध्येही उतरली, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्यापलीकडच्या सर्किटमध्ये शोधावा लागतो आणि नवा पडदा घालून तो जाण्याची शक्यता कमी असते.

स्पर्शाच्या तक्रारीसाठी अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘सेफ मोड’ची सोय असते. त्यात बाहेरून घेतलेली अॅप बंद राहतात. या अवस्थेत पडदा सुरळीत चालला, तर एखादे अॅपच मूळ आहे असे समजावे. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये बोटाचा माग पडद्यावर रेखाटण्याची सुविधा असते. ती सुरू करून बोट कडेपासून कडेपर्यंत फिरवले आणि रेघ दर वेळी एकाच पट्ट्यात तुटली, तर त्या भागातील जाळी गेली आहे. रेघ कधी येथे, कधी तेथे तुटत असेल, तर आधी गार्ड, ओलावा आणि चार्जर यांकडे पाहावे.

पडदा पूर्ण काळा झाला असूनही मोबाइल वाजत वा थरथरत असेल, तर मुख्य यंत्र जिवंत आहे. एलसीडी पडद्यावर तिरपा टॉर्च मारल्यास अंधुक चित्र दिसले, तर मागचा दिवाच तेवढा विझलेला असतो. ओएलईडीत असा दिवा नसतो, त्यामुळे तेथे ही युक्ती चालत नाही. फोनवर बोलून झाल्यावर पडदा उजळतच नाही, अशी एक तक्रार सर्रास आढळते. तिचे कारण अनेकदा वरच्या कडेच्या सेन्सरवर चढलेला गार्ड एवढेच असते.

एक लक्षण मात्र थांबून पाहण्याचे नव्हे. पडदा एका बाजूने उचलला गेल्यासारखा वाटला, कडेला फट दिसू लागली, तर बॅटरी फुगलेली असू शकते. असा मोबाइल चार्जिंगला लावू नये, पडदा दाबून बसविण्याचा प्रयत्न करू नये आणि थेट दुरुस्तीलाच न्यावा.

हिरव्या रेषेचा धडा

निदान आपल्या बाजूने लागले तरी खर्च कोणी सोसायचा, हा पुढचा प्रश्न. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ओएलईडी पडद्यांवरील हिरवी रेषा. गेल्या काही वर्षांत भारतात निरनिराळ्या कंपन्यांच्या ग्राहकांनी ही तक्रार केली. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर लगेच रेषा उमटली, असे त्यांपैकी अनेकांचे म्हणणे होते. अद्ययावतीकरण हेच कारण की त्या वेळी तापलेल्या मोबाइलमध्ये आधीच कमकुवत झालेली जोडणी निखळली, यावर वाद होऊ शकतो. एकदा उमटलेली रेषा मात्र सहसा पॅनेल किंवा त्याच्या जोडणीतील दोष असते आणि ती पुढच्या अद्ययावतीकरणाने पुसली जात नाही.

हा दोष बहुधा वॉरंटीचे वर्ष उलटल्यावर दिसतो, हीच खरी अडचण. वनप्लस कंपनीने २०२४ मध्ये भारतात हिरव्या रेषेसाठी आजीवन वॉरंटी जाहीर केली. त्यापूर्वी अॅपलने डिसेंबर २०२० मध्ये, नोव्हेंबर २०१९ ते मे २०२० या काळात तयार झालेल्या काही ‘आयफोन ११’ संचांचा पडदा स्पर्शाला प्रतिसाद देत नसल्याचे मान्य करून तो विनामूल्य बदलून देण्याची योजना आणली होती. या उदाहरणांचा अर्थ स्पष्ट आहे. ‘पडदा नाजूकच असतो, तो ग्राहकाच्याच हातून बिघडतो’ हा समज सरसकट खरा नाही. काही दोष कारखान्यातूनच येतात. अशा योजनांची माहिती ग्राहकाने विचारल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचेलच, याची खात्री नसते. म्हणूनच पैसे भरण्याआधी आपल्या मॉडेलसाठी अशी सवलत आहे काय, हे कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहणे हिताचे.

सुट्या भागांचे कुलूप

सेवा केंद्राचा दर परवडत नाही, तेव्हा मुंबईकर लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केट गाठतो, पुणेकर तपकीर गल्ली. येथील कारागिरांच्या बोलीत काच, टच आणि पॅनेल मिळून झालेल्या संचाला ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणतात आणि त्याचे ‘ओरिजिनल’, ‘फर्स्ट कॉपी’ असे भाव ठरलेले असतात. केवळ वरची काच फुटली असेल आणि चित्र व स्पर्श शाबूत असतील, तर फक्त काच बदलून देणारे कुशल हातही येथे आहेत. अनेक सेवा केंद्रांत हा पर्याय मिळत नाही. तेथे संपूर्ण संचच बदलला जातो.

तथापि या स्वस्ताईलाही किंमत असते. ओएलईडीच्या जागी एलसीडीची नक्कल बसवली, तर रंग फिके पडतात, बॅटरी लवकर उतरते आणि पडद्याखालचा अंगठ्याचा ठसा ओळखणारा सेन्सर बहुधा निकामी होतो. शिवाय काही उत्पादकांनी सुटे भाग सॉफ्टवेअरने मूळ यंत्राशी बांधून टाकले आहेत. ‘आयफोन १३’ २०२१ मध्ये बाजारात आला तेव्हा त्रयस्थ कारागिराने पडदा बदलताच चेहरा ओळखण्याची सुविधा बंद पडत असे. टीकेची झोड उठल्यावर अॅपलने सॉफ्टवेअरमधून ही अडचण दूर केली. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये ‘आयओएस ११.३.१’ हे अद्ययावतीकरण याच कारणासाठी द्यावे लागले होते. बाहेरचा पडदा बसविलेल्या काही ‘आयफोन ८’ संचांचा स्पर्शच बंद पडला होता. म्हणजे पडदा, कारागीर, ग्राहक सारे तेच. सॉफ्टवेअर बदलले आणि चालता मोबाइल थांबला, पुन्हा बदलले आणि तो चालू लागला.

नियम काय सांगतात?

या मक्तेदारीला आळा घालण्यासाठी परदेशांत कायद्याचा आधार घेण्यात आला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोनसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक केले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये सुटे भाग सॉफ्टवेअरने बांधून टाकण्याच्या प्रथेला कायद्याने लगाम घातला. युरोपीय संघाचे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. त्यांनुसार मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे पडद्यासह महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात आणि ते मागणीनंतर पाच ते दहा कामकाजाच्या दिवसांत पुरवावे लागतात. दुरुस्तीसुलभतेची श्रेणी तर खोक्यासोबतच्या लेबलवरच दिसते.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीसुलभता निर्देशांकाची चौकट ठरविण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती नेमण्यात आली; तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुट्या भागांची उपलब्धता, दुरुस्तीची माहिती, लागणारी अवजारे, सॉफ्टवेअर अद्ययावतीकरण अशा निकषांवर उत्पादकांनी पाचपैकी गुण जाहीर करावेत, असे त्यात सुचविण्यात आले. मात्र हे गुण उत्पादकांनी स्वतःच जाहीर करायचे आहेत. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासायची असेल, तर फेरतपासणीची यंत्रणा तितकीच सक्षम हवी. शिवाय ‘दुरुस्तीची माहिती’ म्हणजे केवळ कारागिरासाठीची पुस्तिका नव्हे. कोणत्या लक्षणाचा अर्थ काय आणि कोणता दोष कंपनीने मान्य केला आहे, हे सामान्य ग्राहकाला त्याच्या भाषेत कळणे हाही तिचाच भाग मानायला हवा.

ग्राहकाच्या हाती काय?

तोवर ग्राहक अगदीच हतबल आहे, असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू व सेवेतील त्रुटी यांविरुद्ध, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार स्वतःच्या राहत्या वा कामाच्या ठिकाणच्या आयोगात दाखल करता येते आणि वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदविता येते. परंतु या सर्व मार्गांवर पुरावा लागतो. रेषा उमटल्याच्या दिवशीचे छायाचित्र, संच पडल्याच्या वा भिजल्याच्या खुणा नसल्याचे दाखविणारा व्हिडिओ, खरेदीचे बिल आणि सेवा केंद्राचा लेखी अभिप्राय हे कागद हाती असले, तरच ‘फिजिकल डॅमेज’ या दोन शब्दांचा प्रतिवाद होऊ शकतो. मोबाइल जमा करताना जॉबशीटवर ‘डिस्प्ले खराब’ एवढेच न लिहिता नेमके लक्षण लिहून घ्यावे, ते याचसाठी.

पडदा मेला तरी आतील माहिती बहुधा सुरक्षित असते, हेही विसरता कामा नये. टच बंद पडला पण चित्र दिसत असेल, तर बहुतेक अँड्रॉइड मोबाइलला ओटीजी जोडणीने साधा संगणकाचा माउस लावून कुलूप उघडता येते आणि छायाचित्रे, संपर्क क्रमांक यांची प्रत काढता येते. दुरुस्तीला देताना पिन क्रमांक चिठ्ठीवर लिहून देण्याची सवय घातक आहे. काही मोबाइलमध्ये आता खासगी माहिती झाकून केवळ तपासणीपुरता संच उघडा ठेवणारी दुरुस्तीची वेगळी अवस्था असते; ती वापरावी. ती नसेल, तर बँकेची अॅप आधी काढून टाकावीत.

घड्याळ बंद पडले, तर ते उघडून दाखवणारा घड्याळजी पूर्वी गल्लीगल्लीत असे. चावी तुटली की चाक झिजले, हे गिऱ्हाइकाला समोर दिसत असे आणि त्यामुळेच भावही मान्य होत असे. मोबाइलच्या बंद काचेने तो पारदर्शीपणा संपवला. निर्देशांकाच्या निकषांत त्याला स्थान मिळेल की नाही, यावर या धोरणाचा खरा कस लागणार आहे. सुटा भाग सात वर्षे मिळण्याची हमी मोलाचीच. पण तो भाग मुळात बदलायला हवा होता की नाही, हे कळण्याचा हक्क त्याच्याही आधीचा आहे.