प्लगपॉइंटची उंची

जुनं घर विकायला काढलेली माणसं ते मे महिन्यात दाखवतात. त्यात लबाडीच असते असं नाही. मुलांना सुट्ट्या असतात, बाहेरगावची भावंडं आलेली असतात, झाडाला फणस लागलेले असतात. आम्ही ती बंगली पहिल्यांदा पाहिली तोही मेमधलाच रविवार. बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला, चाळीसेक वर्षांपूर्वी वसलेली वसाहत. खाली तीन खोल्या, वर गच्चीला लागून एक. पुढे पडवी, पडवीत झोपाळ्याच्या कड्या, मागे फणस, कोपऱ्यात चाफा. डोंबिवलीत पावणेपाचशे फुटांत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं पुरतं. नवरा चाफ्याखाली जाऊन उभा राहिला आणि माझ्या ध्यानात आलं, ह्याने मनाने घर घेऊन टाकलंय. आता फक्त पैसे द्यायचे राहिलेत.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी मामांना बरोबर नेलं. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. हातात कापडी पिशवी, तिच्यात छोटी हातोडी, टॉर्च, ओळंबा आणि काचेची एक गोटी. गोटी बघून एजंटाने विचारलं, "काका, नातवाची राहिली वाटतं?" मामांनी काही न बोलता ती हॉलच्या मधोमध ठेवली. गोटी थोडी घुटमळली आणि सावकाश ईशान्येच्या कोपऱ्याकडे निघाली. एजंटाला वास्तुशास्त्र आठवलं, तो म्हणाला, "बघा, ईशान्येला उतार, शुभ असतो." मामा त्या कोपऱ्यात टॉर्च घेऊन बसले. तिथे भिंतीत वरून खाली एक बारीक तडा होता आणि त्याच्यावर रंगाचे तीन-चार थर होते. "हा कोपरा बसलाय," ते म्हणाले, "पण कधीचाच. रंगावर रंग चढले तरी वरचा रंग फाटलेला नाही. बसायचं ते बसून झालंय." तडा दिसला की पळायचं, अशी माझी समजूत होती. तडा जुना की चालू हे बघायचं असतं, हे मला पन्नाशीत कळलं.

मग हातोडी निघाली. भिंतीवर टकटक करत मामा खोलीभर फिरले. भरीव आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला की प्लास्टरने भिंत सोडलीय. न्हाणीघराच्या स्लॅबचं प्लास्टर एका जागी फुगून पडलं होतं आणि आत गंजलेली सळई दिसत होती. सळई गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. वरवर सिमेंट थापून ती थांबत नाही, गंज खरवडून काढावा लागतो. गच्चीवरच्या कोब्याला भेगा होत्या. वायरिंग सगळं जुनं, अर्थिंगचा पत्ता नाही. मामांनी हे सगळं वहीत लिहिलं आणि पुढे अंदाजे रकमा टाकल्या. वही मिटताना म्हणाले, "घर मात्र खणखणीत आहे. बाहेरच्या भिंती चौदा इंची. असं आता कोणी बांधत नाही."

नवरा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात मामा म्हणाले, "एक सांग, ह्यांच्याकडे मिक्सर कुठे लावत असतील?"

मी ओट्याकडे पाहिलं. ओट्यावरचे प्लगपॉइंट नेहमीच्याच उंचीवर होते. पण हॉलमधला टीव्हीचा पॉइंट माझ्या खांद्याला लागत होता. दोन्ही खोल्यांतले पॉइंट तसेच. एकही पॉइंट गुडघ्याच्या उंचीवर नव्हता. फ्रिज उभा होता तो दीड फुटाच्या सिमेंटच्या ओट्यावर. आणि हॉलच्या भिंतींना, न्हाणीघराला लावतात तशा, चार फुटांपर्यंत टाइल्स. मेमध्ये मी ह्याच हॉलमध्ये बसून कोकम सरबत प्यायले होते आणि ह्यातलं काहीही मला दिसलं नव्हतं. मला कड्या दिसल्या होत्या.

घरमालकाचा मुलगा म्हणाला, "आम्ही लहान होतो ना, म्हणून बाबांनी पॉइंट वर घेतले." मामा गप्प राहिले. अंगणात आल्यावर त्यांनी मला पडवीच्या पायऱ्या मोजायला सांगितल्या. एक होती. "आणि जोत्याला किती असाव्यात?" जोतं बघितलं तर तीन असायला हव्या होत्या. दोन पायऱ्या अंगणाच्या भरावाखाली गेल्या होत्या. बाहेरच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी जुना न उखडता नवा थर टाकलेला. रस्ता वर येत गेला, तसं मालकांनी अंगण भरून घेतलं, तरी फाटकातून आत येताना आपण खालीच उतरत होतो. घर बांधलं तेव्हा ते रस्त्याच्या वर होतं. आता रस्ता घराच्या वर आहे. ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या वसाहतीत हे बघायला मिळेल, फक्त बघायची सवय पाहिजे.

परतताना रिक्षावाल्याला मी सहज विचारलं, "पावसाळ्यात इकडे येता का?"

"येतो की. पाणी सायलेन्सरला लागेपर्यंत येतो."

उल्हासचं एक लक्षात ठेवायला हवं. ती वरून, खंडाळ्याच्या घाटाकडून, कर्जतवरून येते. त्यामुळे बदलापुरात ऊन असलं तरी पूर येऊ शकतो; पाऊस तिकडे पडलेला असतो. २६ जुलै २००५ म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते, सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. त्या दिवशी उल्हासकाठीही हाहाकार होता. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, ती हीच नदी. मी ती दृश्यं घरी टीव्हीवर पाहिली होती, आणि चाफ्याखाली उभी असताना मला त्यांची आठवण झाली नव्हती.

पूररेषेबद्दल एजंटाला सगळं ठाऊक होतं. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवं बांधकाम होत नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर होतं. ही बंगली निळ्या रेषेच्या आतली, पण रेषा आखण्याच्या आधीची. "आता २०१९ ला येऊन गेलाय ना मॅडम, म्हणजे पुढची पंचवीस वर्षं बिनघोर." नदी असा हिशेब ठेवत नाही. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार. आम्ही कर्ज काढणार होतो २० वर्षांचं. ह्या २० वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के भरते. मी कागदावर दोनदा गणित केलं. रुपया हवेत उडवला तर निदान पन्नास-पन्नास असतं. आणि पुढे घर पाडून नव्याने बांधायचं म्हटलं, तर अटी आणि ना-हरकतींची रांग. मामांच्या शब्दांत, "हे घर पडेपर्यंतच घर आहे."

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर वकील आहेत आणि त्यांनाही पोट आहे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घ्यावा. सातबाऱ्यावर नाव बघून खूश होऊ नये, 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. तिथे 'कूळ कायदा कलम ४३ ला पात्र' असं लिहिलेलं असलं तर ती जमीन विकायला कायद्याच्या अटी आड येऊ शकतात, आणि जुन्या वसाहतींखालच्या जमिनींवर हा शेरा निघतो. नगरपालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा, म्हणजे चाफ्यातून विकास आराखड्यातला रस्ता जातोय का ते कळतं. आमच्या चाफ्यातून जात नव्हता. मात्र घर वडिलांच्या नावावर होतं, वडील मृत्युपत्र न करता गेले होते, आणि एक बहीण नागपूरला होती जिचा उल्लेख तिसऱ्या भेटीत आला. "तिचं काही म्हणणं नाहीये," मुलगा म्हणाला. १९५६ च्या वारसा कायद्यापासून वडिलांच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस आहे. तिचं म्हणणं नसेल तर तसं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. तोंडी 'म्हणणं नाही'ची किंमत घर विकलं गेल्यावर वाढते.

आता शेजार. समोरच्या आजी १९८४ पासून तिथे आहेत. त्यांना घर विकायचं नव्हतं, दलाली मिळणार नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडे चहाला बसले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. डावीकडे नातवाची उंची, दर वाढदिवसाला एक रेघ. उजवीकडे पाण्याची. २००५, २०१९, २०२१. त्यातली २००५ ची नातवाच्या सातव्या वर्षाच्या रेघेला लागत होती. आजी हे मोठ्या कौतुकाने दाखवत होत्या, दोन्ही बाजू.

वसाहतीची एक पद्धत बसलेली आहे. कर्जतला कोणाचे तरी व्याही आहेत. तिथे नदी चढली की त्यांचा फोन येतो. मग एकमेकांच्या घरी जाऊन सामान वर चढवायचं. आधी सिलिंडर, मग इन्व्हर्टरची बॅटरी, मग धान्याचे डबे, मग कागदपत्रांची ट्रंक. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाला जिना चढवत नाही, हे सगळ्यांना पाठ. डोंबिवलीत माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला कुरिअरवाल्याकडून कळतं. मी नवऱ्याला म्हटलं, शेजार एक नंबर आहे. तो म्हणाला, "पुरामुळेच असेल." असेलही.

जुलैत, मुसळधार पावसाच्या एका दिवशी, आम्ही पुन्हा गेलो. मुद्दामच. रिक्षा सायलेन्सरच्या बरीच अलीकडे थांबली. गटाराचं पाणी उलटं फिरून आजींच्या फाटकाशी आलं होतं आणि आजी पडवीत उभ्या राहून दोन मुलांना सूचना देत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "बरं झालं आलात. ते डबे धरा." आम्ही तासभर डबे, गाद्या, एक शिलाई मशीन वर नेलं. पाणी पहिल्या पायरीला लागलं आणि संध्याकाळी ओसरलं. आजींनी भजी केली. पुराची खूण करावी इतकं पाणी नव्हतं, असं त्या म्हणाल्या, जरा नाराजीने.

आम्ही ते घर घेतलं नाही. नवरा दोन आठवडे माझ्याशी मोजकं बोलत होता. आजींनी चाफ्याची एक फांदी दिली होती, ती आमच्या बाल्कनीत कुंडीत रुजली.

पुढच्या मार्चमध्ये आजींचा फोन आला, फांदी जगली का ते विचारायला. बंगली विकली गेली होती. घाटकोपरकडची माणसं, चांगली आहेत, दोन लहान मुलं. आत बरंच काम काढलंय त्यांनी. हॉलच्या जुन्या टाइल्स काढल्या, आणि प्लगपॉइंट सगळे खाली घेतले, फार वर होते म्हणून.